बिननावाची पुडी

सत्तावीस वर्षं मी कंपाउंडर होतो. असं सांगितलं की आजची मुलं विचारतात, म्हणजे फार्मसिस्ट का? नाही बाबा. फार्मसिस्टकडे पदवी असते, तो पंख्याखाली बसतो आणि पाकिटावर छापलेलं नाव वाचून पाकीट देतो. माझ्याकडे एक खल, एक बत्ता, एक कात्री आणि कागदाचे तुकडे होते. शिवाय दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची कर्मकथा खिडकीतून ऐकून घ्यायची सक्ती होती, तिचा पगार वेगळा मिळत नसे. शिक्षण विचाराल तर केम गावाहून मॅट्रिक नापास होऊन सोलापूरला आलो आणि विणकरांच्या पूर्वभागातल्या एका डॉक्टरांकडे बाटल्या धुता धुता सगळं शिकलो.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आमचं काम सांगतो. डॉक्टर आत तपासायचे आणि चिठ्ठीवर दोन अक्षरं खरडायचे. ती चिठ्ठी खिडकीतून माझ्याकडे यायची. पातळ औषध असेल तर पेशंटनं घरून आणलेल्या बाटलीत मी गुलाबी मिक्श्चर ओतायचो आणि बाटलीच्या अंगाला कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीला खाचा कातरलेल्या असत, एक खाच म्हणजे एक डोस. बाटल्या लोक कसल्याही आणत. रॉकेलची आणत, गोडेतेलाची आणत, आणि मग चार दिवसांनी येऊन सांगत, औषधाला वास मारतोय की.

गोळ्या असतील तर त्या खलात कुटायच्या, कागदांवर सारख्या वाटायच्या आणि पुड्या बांधायच्या. गोळी अख्खी का द्यायची नाही, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अख्खी गोळी दिली की माणूस ती औषधाच्या दुकानात नेऊन दाखवतो, तसलीच घेतो, आणि स्वतःच स्वतःचा डॉक्टर होतो. पुडीत काय आहे ते दोघांनाच ठाऊक पाहिजे, मला आणि देवाला. तू तिसरा आहेस, पण तू मुका."

मी मुका राहिलो खरा, पण लोक कुठे मुके राहतात? कुंभारी गावची एक बाई यायची. तिच्या पाठदुखीच्या पुड्या तिच्या सासूनं दम्यासाठी खाल्ल्या, सासूला म्हणे गुण आला, आणि मग आख्खी गल्ली तसली पुडी मागायला आमच्या खिडकीशी उभी. दुसऱ्या एकाचं म्हणणं, "शेजाऱ्याची पुडी लाल हाय, माजी पांडरीच का? मी काय कमी हाय का?" शेवटी मी त्याच्या पुडीत चिमूटभर रंग घालू लागलो. त्याला दोन दिवसांत बरं वाटलं. अशा लोकांपुढे शास्त्र काय सांगणार, कपाळ?

आणि सर्वांत मोठा ताप म्हणजे दोन डॉक्टर करायची रीत. आमच्या भागात घरोघरी एक पुडीवाला डॉक्टर असे आणि एक सुईवाला. दोघांकडे जायचं, पण एकाला दुसऱ्याचं सांगायचं नाही, कारण डॉक्टरला राग येतो. म्हणजे नवऱ्यापासून माहेरचा डबा लपवावा तसं हे चालायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या कपाटात ती छोटी गोळी आली. डायझेपाम. चिंता घालवणारी, मन शांत करणारी. डॉक्टर तिच्या प्रेमातच पडले. छातीत धडधड, घाल अर्धी. पोटात गॅस, घाल अर्धी. सुनेशी पटत नाही, मिलमध्ये पाळी बदलली, जावई बोलत नाही, घाल अर्धी. "मीठ आहे रे हे," म्हणायचे, "सगळ्यात थोडं थोडं चालतं." लोकही खूश. मी रोज सकाळी आधी तिच्याच गोळ्या कुटून एका बरणीत भरून ठेवू लागलो. तेव्हा सगळीकडेच ती निरुपद्रवी समजत असत, हे डॉक्टरांच्या बाजूनं सांगायला हवं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

नरसय्या हा आमचा जुना पेशंट. चादरीच्या कारखान्यात त्याचं काम मोठ्या डोक्याचं होतं. चादरीवर जी नक्षी उमटते ती आधी चौकटीच्या कागदावर काढतात, आणि मग त्या कागदाची एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडतात. मागावर त्या पट्ट्यांची माळ फिरते आणि भोकांप्रमाणे दोरे वरखाली होतात. ती भोकं पाडणारा नरसय्या. एका मोराला शेकडो पट्ट्या. एक पट्टी चुकली की मोर चुकला, आणि चुकलेला मोर प्रत्येक चादरीवर तसाच उमटतो. नरसय्याचा हात मात्र कधी चुकला नव्हता. कुठलीही नक्षी दहा वर्षांनी विचारा, तो डोळे मिटून ओळी सांगायचा.

त्याच्या पद्माचं लग्न ठरलं आणि या गड्याची छाती धडधडू लागली. एकुलती एक पोर, दुधनीला द्यायची होती. दुधनी काही लंकेत नाही, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण नरसय्याला ते कोण सांगणार. डॉक्टरांनी तपासलं, छाती ठणठणीत. चिठ्ठी खिडकीतून आली आणि मी बरणीतून पुड्या बांधल्या, दिवसातून तीन.

महिन्याभरानं तो पुड्या न्यायला आला आणि म्हणाला, "कंपौंडर, पोरीच्या लग्नाला यायचं बगा."

"येणार की," मी म्हणालो.

पुड्या बांधेपर्यंत त्यानं पुन्हा विचारलं, "लग्नाला येणार न्हवं?" येणार म्हटलं. पैसे देताना तिसऱ्यांदा. बाहेर जाऊन चपला घालून परत खिडकीशी आला, "कंपौंडर, एक सांगायचंच राहिलं, पोरीच्या लग्नाला..."

त्याच्या मागे रांग उभी, खिडकीत हा. मी वैतागून म्हणालो, "नरसय्या, किती वेळा सांगू? स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी कवा इचारलो?" म्हणाला.

रांगेतले हसले. मीही हसलो. लग्नघाईत बापाचं डोकं फिरतंच, असं म्हणून पुढची चिठ्ठी हातात घेतली. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

मग त्याची बायको राजव्वा सांगू लागली. हा माणूस जेवून उठतो आणि जेवण मागतो. सकाळी आणलेली भाजी दुपारी परत आणतो. कारखान्यातूनही बोभाटा आला. पद्माला लग्नात द्यायची चादर त्यानं स्वतःच्या हौसेनं आखली होती, काठाला पोपटांची रांग. पट्ट्या पाडताना कुठली पाडली आणि कुठली राहिली हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही, चोचीच्या पट्ट्या त्यानं दोनदा पाडल्या. चादर विणून आली तर प्रत्येक पोपटाला दोन चोची. मालकानं त्याला भोकांच्या कामावरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं. दुसरी चादर करायला वेळ नव्हता. नरसय्या रडवेला होऊन दवाखान्यात आला. डॉक्टर म्हणाले, वय झालं, शिवाय काळजी, पुड्या चालू ठेव. त्याचं वय पन्नासही नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी डॉक्टर पुण्याला गेले होते. राजव्वा खिडकीशी आली. "उद्या मांडवात ह्यांचं काय हुईल की. लई धडधडालंय. चार पुड्या जास्ती द्या." डॉक्टर नसताना औषध द्यायचं नाही हा नियम. पण बाई खिडकीपासून हलेना, त्यात मांडवाचं सामान घेऊन पोरं बाहेर ओरडत होती, आणि डॉक्टर तर म्हणतातच की हे मीठ आहे. मी बरणी उघडली आणि चार पुड्या बांधून दिल्या. चिठ्ठी नव्हती. हात माझा.

लग्नाला मी गेलो. तेलुगू लोकांत पाठवणीच्या आधी अप्पगिंतलु म्हणून एक विधी असतो. मुलीचे हात दुधात बुडवतात, आणि आईबाप ते ओले हात धरून सासरच्या एकेका माणसाच्या हातात देतात, माझी पोर सांभाळा म्हणून. तिथं दगडसुद्धा रडतो. राजव्वाला दोघी धरून उभ्या होत्या. मी कोण कुठला, पण माझेही डोळे भरून आले. नरसय्या हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. पद्मानं दुधानं ओले झालेले हात त्याच्यापुढे केले आणि "नायना," म्हणाली, म्हणजे बाबा.

नरसय्यानं दुधाच्या वाडग्याकडे बघितलं. "दूध कशाला नासवालाय?" म्हणाला. "चा करा की त्याचा."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. पद्मा हसली नाही. तिनं वाकून त्याचे पाय धरले आणि वाट बघत राहिली. तो म्हणाला, "हां हां, जाऊन ये," जणू ती बाजारात निघाली होती. तिनं मान वर केली तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला. पोरगी कोरडी झाली होती.

पहिला दिवाळसण लेकीजावयाचा माहेरी. पद्मा आली नाही. निरोप आला, बरं नाही. संक्रांतीला आली नाही. राजव्वा दुधनीला जाऊन आली, तर लेक तिच्याशी बोलली आणि बापाचं नाव निघालं की उठून आत गेली. नरसय्या खिडकीशी येऊन म्हणायचा, "पोरगी येईना बगा. मी काय चुकलो कळंना. तुमी हुता की लग्नात, मी काय केलो?" मी म्हणायचो, काही नाही, येईल. पुढची चिठ्ठी घ्यायचो. पुड्या चालूच होत्या.

मग एके दिवशी राजव्वा वर्तमानपत्राच्या तुकड्यात काहीतरी बांधून घेऊन आली. इकडेतिकडे बघून, डॉक्टर आत आहेत ना याची खात्री करून हळूच म्हणाली, "एवढं कुटून द्या की. त्यांना आक्की गोळी गिळंना, तुमची पुडी तेवढी जाती. रोज मी पाट्यावर वाटती, पाटा गुळगुळीत झालाय, आज टाकवायला दिलाय."

पुडकं उघडलं. त्यात छोट्या गोळ्या, मधोमध रेघ असलेल्या. ती गोळी मी काळोखातही ओळखली असती. रोज सकाळी दुसरं करत काय होतो?

"हे कुठलं?"

"त्यो सुईवाला डॉक्टर देतो. सकाळी दोन, राच्चाला दोन. वरीस झालं, लग्नाच्या आदीपास्नं. तुमच्या डॉक्टरला सांगू नका, त्यांना राग येतो."

मी तिच्यावर असा ओरडलो की रांग मागे सरली. एकाच औषधाचे दोन डोस, दोन दारांतून, वर्षभर. पुडीला नाव असतं तर या बाईला कळलं असतं. बाईनं सांगितलं असतं तर मला कळलं असतं. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनाच कळलं असतं. कुणी काही बोलायचं नाही या एका नियमावर आमचं सगळं दुकान चाललं होतं. राजव्वा रडू लागली तेव्हा मी ओरडणं थांबवलं, कारण लग्नाच्या आदल्या दिवशीच्या चार पुड्या मला आठवल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता आतल्या खोलीत गेलो आणि पुडकं टेबलावर ठेवलं. डॉक्टर आधी चिडले. दुसऱ्या डॉक्टरवर चिडले, राजव्वावर चिडले, मग माझ्यावर. माझ्या तोंडून गेलं, "साहेब, ते मीठ नव्हतं." त्यांनी पुडक्यातली एक गोळी उचलून उलटीपालटी करून पाहिली. मग स्वतः उठून बाहेर गेले, बाकड्यावर राजव्वाच्या शेजारी बसले आणि पुडीत काय आहे ते तिला नाव घेऊन सांगितलं. त्या दवाखान्यात हे पहिल्यांदा घडत होतं. एकदम बंद करायचं नाही, अंगाची सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून दर आठवड्याला थोडं कमी करत आम्ही दोन महिन्यांत ते औषध थांबवलं. त्या दोन महिन्यांत नरसय्यानं आम्हाला सळो की पळो करून सोडलं. झोप नाही, हात थरथरतात, चिडचिड. रोज खिडकीशी येऊन भांडायचा, "पुडीत भेसळ करलालाय तुमी." पण भांडताना काल काय भांडलो ते त्याला बरोबर आठवत होतं, म्हणून मी ऐकून घेत होतो.

हळूहळू माणूस ताळ्यावर आला. मालकानं त्याला परत भोकांच्या कामावर घेतलं. पोपटांना एकेक चोच आली. मला वाटलं, आता लग्नही आठवेल. तो एक दिवस म्हणाला, "मांडव घातलेला दिसतंय. वाजंत्री आली ते दिसतंय. मग एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळच. मधलं कायच न्हाय."

डॉक्टर म्हणाले, त्या गोळीनं गेलेलं परत येत नाही; ते कसं, हे मला तेव्हा समजलं नाही. अलीकडे माझ्या पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा त्यांनी त्याच जातीचं इंजेक्शन दिलं. मला सुई टोचलेली आठवते आणि नंतर घरचा पलंग. बायको सांगते, मी टेबलावरून उतरल्यावर चांगला बोलत होतो, डॉक्टरांचं गाव विचारलं, रिक्षावाल्याशी हुज्जत घातली. यातलं अक्षर मला आठवत नाही. माणूस जागा असतो, चालतो, बोलतो, फक्त आत काही लिहिलं जात नाही. लिहिलंच नाही तर औषध उतरल्यावर वाचणार काय?

पण तेव्हा दुधनीला बसलेल्या पोरीला पुड्यांचं हे सगळं कोण सांगणार? डॉक्टरांना म्हणालो, मी जातो. ते म्हणाले, दवाखान्याचं नाव घेऊ नकोस. मी म्हणालो, माझं तर घेईन. रविवारी एसटी धरली.

पद्मानं पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली. मी सगळं सांगितलं. बरणी, दोन डॉक्टर, चार पुड्या. ती ऐकत होती.

"त्या चार पुड्या तुमी दिला?"

"मी दिल्या."

"कागदाबिगर?"

"चिठ्ठीशिवाय."

ती आत गेली. मला वाटलं, आता सासऱ्याला घेऊन येते आणि मला हाकलून देते. ती चादर घेऊन आली, घडी न मोडलेली. पोपटांवरून हात फिरवत म्हणाली, "मला वाटलं, माज्यात मन न्हवतं त्यांचं. चादर पण कशी तरी करून दिली. वर्षभर मी हेच धरून बसलेय की." मग विचारलं, "त्यांना ते दुधाचं आठवतंय?"

"नाही."

"आता आठवंल?"

"कधीच नाही."

तिनं चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाली, "मग सांगू नका. इचारले तर रडले म्हणून सांगा. लई रडले म्हणा."

पुढच्या आठवड्यात ती माहेरी आली, आणि नरसय्या तिला घेऊनच खिडकीशी आला, औषधाला नव्हे, दाखवायला. ती माझ्याकडे बघत होती. तो म्हणाला, "कंपौंडर, हिच्यासमोर सांगा की, मी काय केलो लग्नात?" मी सांगितलं. हात धरलास, बोलता येईना, लई रडलास. त्यानंतर तो वरचेवर यायचा आणि म्हणायचा, सांगा की. रांग उभी असली तरी मी सांगायचो. असंच पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून मी पूर्वी त्याच्यावर खेकसलो होतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तो नातीला खोकल्याच्या औषधाला घेऊन आला, पद्मा सोबत होती. नातीला माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागला, "हे तुज्या आईच्या लग्नात हुते. दुधात हात बुडवलेले, दूध गार हुतं बग, हातावरून कोपरापर्यंत आलं. अन मी रडलो ते थांबंचना. मला समदं आठवतंय."

दूध गार होतं हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मी पद्माकडे पाहिलं, तिनं नाही अशी मान हलवली, तिनंही सांगितलं नव्हतं. बाटलीला पट्टी चिकटवायची राहिली होती, ती मी चिकटवली, वर औषधाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं, आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा मुका राहिलो.